तुझ्या नावापुढचा रकाना

आत्या, दिनेशचा फोन आला तेव्हा मी वर्गात होतो. तिसऱ्या वर्षाची मुलं समोर बसली होती. फळ्यावर मी लिहिलं होतं, 'माणूस आणि त्याच्या भोवतालचा निसर्ग यांचं नातं मानवशास्त्रज्ञ कसं अभ्यासतो?' आणि त्याखाली उत्तराचा पहिला शब्द, 'सोबत'. टेबलावर फोन थरथरत राहिला. मी उचलला नाही. तास संपल्यावर व्हरांड्यात येऊन उलट लावला, तर तुझा मुलगा म्हणाला, "सर, आय गेली सकाली. तुमाला सांगायला पायजे म्हनून." काय झालं होतं, मी विचारलं. "काय झाला नवता. बसली व्हती. बसलीच."

डॉक्टरांनी दाखल्यावर काहीतरी कारण लिहिलंय म्हणे. मी ते वाचलं नाही. कागदावरचं आणि खरं यांत किती अंतर पडू शकतं, हे तुझ्या बाबतीत माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

तुला वाचता येत नव्हतं. मी तुझ्याबद्दल जे लिहिलं ते दुसऱ्यांनी वाचलं आणि भोगलंस तू. हेही दुसरेच वाचणार आहेत. पण निदान या वेळी जे लिहीन ते खरं असावं, एवढंच मनात धरून बसलोय. पंधरा दिवस झाले, रोज बसतो आणि उठतो.

पहिल्यांदा तुझ्या अंगणात आलो तेव्हा मी तिशीतही नव्हतो. खांद्याला झोळी, हातात नवी वही, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. पनवेलच्या एसटी स्टँडजवळ वाढलेला मुलगा. खाडी म्हणजे गाडीच्या खिडकीतून दिसणारा एक चकाकता पट्टा, एवढीच ओळख. खाडीकाठच्या गावात दोन वर्षं राहून पीएचडी करायची होती. तुला मी 'मावशी' म्हणालो, तर तू मासे निवडता निवडता मान वर न करता म्हणालीस, "मावशी नको बोलू. बाजारात सगली मावशीच बोलतान नं भाव पाडतान." मग गाव विचारलंस. पनवेल म्हटल्यावर तुझा चेहरा बदलला. "माजा माहेर नेऱ्याला. म्हंजी तू माज्या माहेरच्या वाटंवरचा. मना आत्या बोल."

नात्यांचे तक्ते काढायला शिकून आलो होतो मी. त्रिकोण म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे बाई, मध्ये रेघा. एका मिनिटात तू मला एका रेघेला जोडून टाकलंस. तुझा भाचा झालो. त्या दिवसापासून तुझ्या चुलीजवळ माझा पाट पडला.

दुसऱ्या दिवशी तुझ्यासोबत खाजणात, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खाडीच्या दलदलीत, उतरलो आणि दहा पावलांत माझा डावा बूट चिखलाने गिळला. तू आणि तुझी शेजारीण बारकी, दोघी पदर तोंडाला लावून हसत होतात. बारकी म्हणाली, "गो चांगुणा, तुजा भाचा बूट पेरतोय. पावसानंतर झाड येल." तू मात्र परत आलीस, माझा दंड धरलास आणि शिकवलंस. "टाच नको टेकू. आधी बोटं. चिखल बोटांना सांगतो, फुडं हाय काय नाय. बुटाला काय सांगनार?" दुसरा बूट मी स्वतःच काढला. तो कितीतरी वर्षं तुझ्या पडवीत होता. त्यात तू बाभळीच्या काड्या ठेवायचीस, चूल पेटवायच्या.

मुलांना मी आता सांगतो की माणूस आणि निसर्ग यांचं नातं प्रश्न विचारून कळत नाही, कारण लोकांनाही ते शब्दांत ठाऊक नसतं. ते हातापायांत असतं. म्हणून सोबत जायचं, सोबत भिजायचं, काय केलं, किती वेळ केलं, काय हाती आलं, ते रोज लिहायचं. मी लिहिलं. तुझ्याबरोबर उतरलो त्या प्रत्येक ओहोटीची नोंद माझ्या वह्यांत आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे तू मला बोटांच्या पेरांवर शिकवलंस. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. माझ्याकडे छापील कोष्टक होतं आणि तुझी बोटं त्याच्याशी जुळतात का, हे मी महिनाभर तपासत होतो. एकदा पाव तासाचा फरक पडला. मी तुला मोठ्या उत्साहाने सांगितलं. तू म्हणालीस, "तुजा कागद पाव घंटा चुकला आसंल." त्या दिवशी वारा होता आणि पाणी खरंच लवकर चढलं.

चिंबोरीचं, खाडीतल्या खेकड्याचं, बीळ तू मला दाखवायचीस आणि मला नुसता चिखल दिसायचा. तिवरांच्या, चिखलात उगवणाऱ्या त्या झाडांच्या, मुळांत हात खांद्यापर्यंत घालायचीस, वाकडी सळई आत फिरवायचीस, डोळे मिटून. मी विचारायचो, काय लागलं? "गप. आयकू दे." हाताने ऐकायचं असतं हे मला त्याआधी माहीत नव्हतं.

आपली दोन भांडणं अर्धी राहिली, आत्या.

पहिलं नेऱ्यावरून. माझ्या प्रबंधाचं पहिलं वाक्य मी तुला वाचून दाखवलं होतं. 'खाडी या लोकांच्या रक्तात आहे.' मला ते फार आवडलं होतं. तू विचारलंस, "कोनच्या रक्तात?" तुमच्या, मी म्हणालो. तू कपाळावर हात मारलास. "आरं, मी नेऱ्याची. डोंगराखालची. भात लावनारी. लगीन होऊन आयली तवा यो चिखल बगून तीन दीस रडली. सासू मागून ढकलायची नं बोलायची, उतर, नायतर खाशील काय. माज्या रक्तात भात हाय. चिखल सासूनी शिकवला, मार खाऊन." मी म्हणालो, आत्या, हे 'रक्तात' म्हणजे तसं नव्हे, परंपरेने आलेलं. तू म्हणालीस, "मग माराचा लिव की. मार का नाय लिवत?"

लिहिलं नाही मी. वाक्य तसंच ठेवलं. शिकलेलं म्हटलं की त्यामागे शिकवणारी आली, चुका आल्या, रडणं आलं. वाचणाऱ्यांना रक्त बरं वाटतं, आणि त्यांना ते देऊन मी मोकळा झालो. आज वाटतं, माझी सगळी घसरण तिथून सुरू झाली.

दुसरं भांडण अंड्यांच्या चिंबोरीवरून. तू एक धरलीस, उलटी केलीस, पोटाखालचा केशरी गोळा पाहिलास आणि परत बिळाशी सोडलीस. मी वहीत लिहिलं, 'जैवसंवर्धनाचा पारंपरिक संकेत.' संध्याकाळी तुला समजावून सांगितलं की तुम्ही लोक किती शहाणपणाने वागता. तू म्हणालीस, "ती पोकल व्हती. अंड्यावालीत मास नसतंय. कशाला वझा वागवू? तू त्याच्यात काय धरम लिवतस?" मी ओशाळलो, नोंद खोडली. आणि चारच दिवसांनी तू एक जड, भरलेली, मुठीएवढ्या नांगीची चिंबोरी हातात घेऊन पुन्हा सोडून दिलीस. मी ओरडलोच, आता ही का? तू नुसती पुढे चालत राहिलीस. बांधावर आल्यावर म्हणालीस, "सगला आजच खाल्ला त उद्या काय बगायला येऊ?"

त्या दोन उत्तरांतलं खरं कुठलं, हे मी तुला नंतर अनेकदा विचारलं. प्रत्येक वेळी तू वेगळंच काही सांगितलंस. मला वाटायचं तू टाळतेस. आता वाटतं, दोन्ही खरी होती आणि मला एकाच रकान्यात बसणारं उत्तर हवं होतं.

रकान्याचं आता सांगतोच. त्याच्यासाठी तर बसलोय.

काम संपत आलं तेव्हा घरोघरची पत्रकं भरायची होती. कुटुंबात माणसं किती, शिक्षण काय, मुख्य व्यवसाय काय, दुय्यम व्यवसाय काय. तुझ्या पडवीत बसलो होतो. तुझे यजमान जाळं विणत होते. तू नुकतीच खाजणातून आली होतीस, नखांत चिखल तसाच, दाराशी पाटी, पाटीत दोरीने बांधलेल्या चिंबोऱ्या खडखड करत होत्या. मी यजमानांचं लिहिलं. मासेमारी, स्वतःची होडी. मग तुझं नाव लिहिलं आणि विचारलं, आत्या, तुझा व्यवसाय काय लिहू?

यजमान हसले. "तिचा कसला धंदा? ती घरीच असते."

तू म्हणालीस, "हां, लिव घरीच."

मी तुझ्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं. तुला ते कळलं. तू जवळ येऊन हळू आवाजात म्हणालीस, "होडी आसली त धंदा. हातानी धरतंव त्याला कालवन बोलतान. आमी कालवनाला जाताव. उरला त पनवेलला इकून येताव. त्याला धंदा लिवलास त लोकं बोलतील, नवऱ्याला पोसवत नाय."

मी लिहिलं, 'गृहिणी'. दुय्यम व्यवसाय, 'नाही'. तुझ्या आळीतल्या सगळ्या बायकांच्या नावापुढे तेच लिहिलं. प्रत्येक घरी तेच उत्तर मिळालं आणि मी प्रत्येक घरी मान डोलावली.

हे आळसाने केलं असतं तर आज मला इतकं टोचलं नसतं. तत्त्वाने केलं. आमच्या सरांनी शिकवलं होतं, लोक स्वतःला जे म्हणवतात तेच लिहा, तुमचे शब्द त्यांच्यावर लादू नका. त्यालाच मी नम्रता समजलो. तुझी अब्रू राखली, असंही वाटलं. पण माझ्याच झोळीत वह्या होत्या, त्यांत तुझ्या पायांची दोन वर्षं होती. मी तुझ्याबरोबर बसमधून पनवेलच्या बाजारात आलो होतो, तुझ्या पाटीची दुसरी कडी धरून. 'गृहिणी' लिहिणारा हात तोच होता. तोंडाने सांगितलेलं आणि हातापायांनी केलेलं वेगळं निघालं की दोन्ही लिहायचं, आणि ते वेगळं का, हेही लिहायचं. हाच तर माझा विषय. वर्गात हे मी दरवर्षी शिकवतो, आणि शिकवताना तुझं उदाहरण कधी देत नाही.

मग वर्षं गेली. मला कॉलेजात नोकरी लागली. तुझे यजमान गेले. दिनेश गोदामावर कामाला लागला. मी दिवाळीत यायचो, तू मला चिंबोरीचं कालवण वाढायचीस आणि माझ्या बायकोला निरोप द्यायचीस की याला नांग्या फोडून द्यायची सवय लावू नको.

आणि खाडीकाठ प्रकल्पात गेला. भिंत आली, भिंतीला फाटक आलं. फाटकातून आत जायला कार्ड. कार्ड कुणाला, तर जे आधीपासून खाडीवर अवलंबून आहेत आणि तशी जुनी, छापील नोंद आहे, त्यांना. तुमच्या गावाची जुनी छापील नोंद एकच होती. माझा प्रबंध. विद्यापीठाने छापला तेव्हा मी पेढे वाटले होते, पहिला तुला दिला होता.

होडीवाल्यांना कार्डं मिळाली. होडी दिनेशच्या नावावर आली होती, त्यालाही मिळालं. खाडीत त्याने लहानपणानंतर पाय घातला नव्हता.

तू आणि बारकी रिक्षा करून माझ्या कॉलेजात आलात. शिपायाने गेटवर अडवलं, तर तू त्याला सांगितलंस, "माजा भाचा हाय आत, मोटा सर हाय." स्टाफरूममध्ये खुर्चीच्या कडेला टेकलीस, चहा बशीत ओतलास आणि म्हणालीस, "बाबू, तुज्या पुस्तकात माजा नाव हाय ना? जरा बग, काय लिवलंस." मी कपाट उघडलं, पुस्तक काढलं, पान काढलं. पान काढायला मला शोधावं लागलं नाही. वाचून दाखवलं. तुम्ही दोघी ऐकत राहिलात. बारकी म्हणाली, "म्हंजी आमी चिखलात काय खेलायला जायचो?" तू तिला कोपर मारलंस. मग मला म्हणालीस, "दिन्याला कार्ड हाय, पाय नाय. मना पाय हाईत, कार्ड नाय. कायतरी कर."

मी म्हणालो, करतो. तो शब्द तू धरून ठेवलास.

अर्ज केले मी, आत्या. वह्यांच्या झेरॉक्स जोडल्या. उत्तर आलं, हस्तलिखित टिपणं पुरावा धरता येत नाहीत. पुन्हा अर्ज केला. मग जनसुनावणी लागली, शाळेच्या हॉलमध्ये. तुम्ही सगळ्या मागच्या बाकांवर बसला होतात, इस्त्रीची लुगडी नेसून. माझी पाळी आली. मी उभा राहिलो आणि सांगितलं की या गावातल्या बायका हाताने चिंबोऱ्या, निवट्या, कालवं धरतात, घर त्यावर चालतं, मी स्वतः पाहिलंय.

अधिकारी सभ्य होते. त्यांनी माझंच पुस्तक टेबलावरून उचललं. "सर, हा तुमचाच प्रबंध ना? उत्तम आहे. आम्ही तोच आधार धरलाय." त्यांनी पान उघडून वाचलं. चांगुणाबाई, गृहिणी. दुय्यम व्यवसाय, नाही. "मग मला एवढंच सांगा, तेव्हाचं चूक की आताचं?"

किती सोपा प्रश्न होता. 'तेव्हाचं चूक' एवढं म्हणायचं होतं. पुढच्या रांगेत माझे दोन विद्यार्थी बसले होते. विद्यापीठाचे एक प्राध्यापक सुनावणीच्या समितीवर होते. माझी बढती त्यांच्याकडे अडकली होती. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय, माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. मी म्हणालो, "त्या वेळच्या अभ्यासपद्धतीनुसार ती नोंद बरोबर आहे."

"मग प्रश्नच मिटला," ते म्हणाले, आणि पुढचं नाव पुकारलं.

मी नंतरही काहीतरी बोलत होतो. संदर्भ, मर्यादा, स्थानिक संकल्पना. माईक दुसऱ्याकडे गेला होता.

बाहेर चिंचेखाली बारकीने मला गाठलं. "सर, ती पद्धत कोन? तिच्या घरी कार्ड हाय का?" बाकीच्या हसल्या. मला ते हसू अजून ऐकू येतं. तू त्यांच्यावर ओरडलीस. "त्याला कोनी काय बोलू नका. मीच त्याला तसा लिवायला सांगितला व्हता." आणि मला म्हणालीस, "ऊन लागला तुला. घरी चल, च्या घे."

मी आलो नाही. काम आहे म्हणालो. आत्या, तू चिडली असतीस, चार शिव्या घातल्या असत्यास, तर मी कदाचित परत हॉलमध्ये गेलो असतो. तू माझी चूक स्वतःवर घेतलीस, आणि मी ती घेऊ दिली.

त्यानंतर वर्षभर तू स्मशानामागे भिंतीला पडलेल्या फटीतून खाजणात जात होतीस, हे मला दिनेशकडून कळलं. मग एकदा पहारेकऱ्याने अडवलं, पाटी काढून घेतली. मारलं नाही, शिवी दिली नाही. नुसतं म्हणाला, आजी, कार्ड? त्या दिवसानंतर तू गेली नाहीस. पडवीत बसायला लागलीस. सून म्हणते, ओहोटीच्या वेळेला तू आपोआप उठून उभी राहायचीस, दारापर्यंत जायचीस आणि परत बसायचीस. दिवसातून दोनदा. मग उठणंही बंद झालं.

मी तीन वर्षांत तुझ्याकडे दोनदा आलो. तोंड दाखवायला लाज वाटते म्हणून माणूस येत नाही, आणि न आल्याची लाज त्यात भर घालते. शेवटचा आलो तो गणपतीनंतर. तू बारीक झाली होतीस. हात नखांपर्यंत गोरे दिसत होते, चिखलाचा रंग गेला होता. तुला विचारलं, कशी आहेस? "मस्त हाय. गृहिणी हाय." तू तो शब्द पहिल्यांदाच उच्चारलास, अगदी स्वच्छ, माझ्या पुस्तकातल्यासारखा. मग स्वतःच हसलीस आणि सुनेला म्हणालीस, याला बटाट्याची भाजी वाढ, आता कालवन कुटचा. मी जेवलो. त्या दिवशी सांगायचं होतं की चूक माझी होती, तू सांगितलंस म्हणून मी तसं लिहायला नको होतं. भाजी चांगली झाली आहे, एवढंच म्हणालो.

तुझ्या दहाव्याला मी ठरवून आलो होतो. सगळा गाव जमणार होता, होडीवाले, पुढारी, बायका. तिथे सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं की माझी नोंद खोटी आहे, चांगुणाबाई या गावची सगळ्यांत जाणती चिंबोरी धरणारी बाई होती. कुणी लिहून घेणार नव्हतं. तरी सांगायचं.

फाटक उघडंच होतं. त्यावर पाटी आहे. धार्मिक विधीसाठी प्रवेश, कार्ड लागणार नाही. विनाकार्ड मासे धरण्यास मनाई. म्हणून त्या दिवशी सगळ्यांना आत सोडलं, बायकांनाही. तीन वर्षांनी त्या काठावर आल्या होत्या. तुझ्या पाठीमागून, तुझ्यामुळे.

पुरुष पिंडांभोवती उभे होते. दिनेशने डोक्यावर नवीन टॉवेल घेतला होता. ओहोटी पूर्ण लागली होती आणि तिवरांपुढे लांबपर्यंत ओला चिखल उघडा पडला होता. मी मनातल्या मनात वाक्य जुळवत होतो. तेवढ्यात मागे हालचाल झाली. वळून पाहिलं. तुझ्या घरच्या बायका सुतकातल्या, त्या तिथेच बसून होत्या. पण बारकीने लुगड्याचा काचा मारला होता. ती खाली उतरली, आधी बोटं, मग पाऊल. तिच्यामागे दुसरी, तिसरी. कुणी कुणाला हाक मारली नाही. बघता बघता सात-आठ बायका तिवरांच्या मुळांत वाकल्या होत्या, हात खांद्यापर्यंत आत, डोळे मिटलेले. सळया नव्हत्या, पाट्या नव्हत्या. धरलेलं ओच्यात टाकत होत्या.

पहारेकरी माझ्याजवळ आला. मराठवाड्याकडचा, पोरगेलासा माणूस. माझा चष्मा बघून त्याने मला निवडलं असावं.

"सर, ह्या बाया तिकडं काय करायल्यात?"

आत्या, हाच प्रश्न होता. ज्यासाठी मला दोन वर्षं पोसलंस, ज्याचं उत्तर माझ्या सगळ्या वह्यांत आहे. त्यांचं काम करताहेत, एवढं म्हणायचं होतं. आणि तसं म्हटलं असतं तर त्याने शिट्टी फुंकून सगळ्यांना वर काढलं असतं. पाटीवर तसं स्पष्ट लिहिलं होतं. मी बारकीकडे पाहिलं. ती मान वर न करता एका बिळावरून दुसऱ्याकडे सरकत होती, तीन वर्षांची भूक लागल्यासारखी.

"काही नाही," मी म्हणालो. "विधी आहे त्यांचा."

त्याने मान हलवली. तोही गरीब माणूस, त्याला खोटं सांगितलं याचंही मला वाईट वाटलं. बोलायचं ठरवलेलं वाक्य तोंडातच राहिलं. त्या क्षणी ते गावासमोर बोललो असतो तर पहारेकऱ्यानेही ऐकलं असतं. मी पुन्हा एकदा त्यांच्या नावापुढे 'काही नाही' लिहिलं, आत्या. पहिल्यांदा तुझी अब्रू राखतोय असं वाटलं होतं. या वेळी काय राखलं, मला सांगता येत नाही. तू असतीस तर चिडली असतीस की हसली असतीस, हेही कळत नाही. विचारायला आता दुसरी कुणी नाही.

तो पहारेकरी थोडा वेळ माझ्या शेजारीच उभा राहिला. मग त्याने घड्याळ पाहिलं.

"आजून किती येळ चालंल, सर?"

मी खाडीकडे पाहिलं. लांब, पुलाच्या बाजूला, पाण्याची कड नुकतीच आत वळायला लागली होती.

"पाणी भरेपर्यंत," मी म्हणालो.